नवं पुस्तक छापून येण्याआधी भूगोल तपासून घेऊ या

अकरावीची नवी पाठ्यपुस्तकं 2027-28 मध्ये आणि बारावीची 2028-29 मध्ये वर्गात येतील, असं वेळापत्रक राज्य शासनाने एप्रिल 2025 च्या निर्णयात जाहीर केलं होतं. म्हणजे त्यांत काय असावं आणि काय नसावं हे ठरवण्याचे दिवस हेच आहेत. एकदा पुस्तक छापून दुकानात आलं की पुढची सात-आठ वर्षं त्याला कुणी हात लावत नाही. सध्याचं अकरावीच्या भूगोलाचं पुस्तक 2019 चं आणि बारावीचं 2020 चं. त्यानंतर तळियेवर दरड कोसळली, चिपळूण पाण्याखाली गेलं, इर्शाळवाडी गाडली गेली. पुस्तक होतं तिथेच राहिलं. मधल्या काळात त्यात भर घालायची सोयच आपल्याकडे नाही.

म्हणून ही विनंती. अकरावी-बारावीची भूगोलाची चालू पुस्तकं उघडा, त्यातला भूगोल तुमच्या गावाच्या, तालुक्याच्या जमिनीवर उतरतो का ते बघा आणि जे दिसेल ते लेखी कळवा. त्यासाठी पुस्तकं विकत घ्यायला नकोत, बालभारतीच्या संकेतस्थळावर ती फुकट मिळतात.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. हे आवाहन सहकाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं असतं तर दहा-बारा अंगठे आले असते आणि विषय संपला असता. शिक्षकांनी आपल्याच विषयाचं मूल्यमापन केलं की ते बहुतेक वेळा तासिकांच्या हिशेबावर येऊन थांबतं. कुठलं प्रकरण वगळलं तर कुणाच्या तासिका कमी होतील, कुठला पाठ वाढला तर जानेवारीपर्यंत पुरा होणार नाही, याचीच चर्चा होते. ही चिंता खोटी नाही, पण तिच्यातून पुस्तक चांगलं होत नाही. बाहेरच्या माणसांनी बोललं पाहिजे. ज्यांची मुलं आत्ता अकरावीला आहेत त्यांनी, जी मुलं नुकतीच बारावी होऊन बाहेर पडली आहेत त्यांनी, शेतकऱ्यांनी, तलाठ्यांनी, निवृत्त भूमापकांनी, डोंगर भटकणाऱ्यांनी.

आजवरच्या मूल्यमापनाची रीत आम्हा शिक्षकांना पाठ आहे. प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी जेवणानंतर एक प्रश्नावली हातात येते. आशय वयानुरूप आहे का? भाषा सोपी आहे का? चित्रं पुरेशी आहेत का? होय, नाही, अंशतः. गाडी पकडायची असते, सगळे ‘होय’वर खुणा करतात. दोन वर्षं हा विषय शिकून बाहेर पडलेल्या मुलीला स्वतःच्या गावाबद्दल काय सांगता येतं, हे त्या कागदावर कुठेच विचारलेलं नसतं. मला विचाराल तर हा एक प्रश्न विचारला की बाकीचे न विचारले तरी चालतील.

उदाहरणादाखल एक टोपोशीट घेऊ. भारतीय सर्वेक्षण विभागाचा हा नकाशा 1:50,000 प्रमाणाचा असतो. कागदावरचे 2 सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा 1 किलोमीटर. वस्ती लाल, पाणी निळं, जंगल हिरवं, शेती पिवळी आणि चढ-उतार दाखवणाऱ्या समोच्च रेषा तपकिरी. दोन लगतच्या रेषांमध्ये साधारणपणे 20 मीटर उंचीचा फरक असतो. प्रात्यक्षिकाच्या तासाला हे सगळं शिकवलं जातं आणि मुलं ते वहीत सुबक उतरवतात. आता सह्याद्रीतल्या एखाद्या वाडीचे लाल ठिपके शोधा आणि त्यांच्या मागे पट्टी ठेवा. 4 मिलिमीटरच्या अंतरात सहा तपकिरी रेषा दाटीने बसलेल्या दिसल्या, तर पहिलीपासून सहावीपर्यंत 100 मीटर चढ झाला. जमिनीवर ते अंतर 200 मीटर. म्हणजे दोन पावलांना एक पाऊल उंची, जवळजवळ 27 अंशांचा उतार. एवढा हिशेब अकरावीच्या कुठल्याही मुलीला पाच मिनिटांत जमतो. त्यासाठी पट्टी लागते आणि समोर स्वतःच्या तालुक्याचं टोपोशीट लागतं.

वर्गात नेमकं तेच नसतं. बहुतेक ठिकाणी जुनी, घड्यांवर फाटलेली दोन-चार टोपोशीट असतात, तीही कुठल्या तरी दूरच्या प्रदेशाची. मुलं वर्षानुवर्षं त्याच नकाशातला तोच तलाव, तीच देवळाची खूण आणि तोच रेल्वेमार्ग ओळखतात. परीक्षेला तेच विचारलं जातं. उतार काढायचा असतो तो काल्पनिक आकृतीवर, जिथे डोंगर अंड्यासारखा गुळगुळीत असतो आणि त्याच्या पायथ्याशी कुणीही राहत नाही.

खऱ्या डोंगराच्या पायथ्याशी माणसं राहतात. 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गाडलं गेलं, सुमारे दीडशे माणसं गेली. त्याआधी जुलै 2005 मध्ये महाड तालुक्यात जुई, दासगाव या गावांवर दरडी आल्या होत्या. 22 जुलै 2021 ला त्याच महाड तालुक्यात तळिये कोसळलं, ऐंशीहून अधिक बळी गेले. त्याच सुमारास महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला होता. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या पायथ्याची ठाकरांची इर्शाळवाडी गेली. 27 मृतदेह सापडले, 57 जणांचा शोध शेवटपर्यंत लागला नाही. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असं सरकारने विधिमंडळात सांगितलं.

यादीत नव्हती, या वाक्यापाशी मी भूगोलाची शिक्षिका म्हणून अडते. यादी तज्ज्ञ करतात आणि ती त्यांनीच करावी. नुसत्या समोच्च रेषा बघून दरड कोसळेल की नाही हे ठरत नाही. उतारावर मातीचा थर किती जाड आहे, खालचा बेसॉल्ट किती कुजलाय, पाणी कुठे मुरतं आणि कुठे अडतं, वर सपाटीकरण झालंय का, हे सगळं बघावं लागतं. अकरावीच्या मुलांनी हे काम करावं असं कुणी म्हणत नाही. पण डोंगरकुशीत राहणारी, भूगोल घेऊन बारावी झालेली दहा मुलं एका गावात असतील, तर आपल्या वाडीमागचा उतार मोजून, डोंगरावर पडलेल्या नव्या भेगा, तिरकी झालेली झाडं, अचानक गढूळ झालेला झरा यांची नोंद करून ग्रामसभेत ‘आमचं सर्वेक्षण करा’ असा लेखी ठराव मांडण्याइतकी समज त्यांच्याकडे असायला हवी. ती आपण देतो का? मी अनेक वर्षं शिकवते आहे, माझं प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असं आहे.

माहिती पुस्तकात नाही, अशी माझी तक्रार नाही. आहे, पण विखुरलेली आहे. अकरावीच्या पुस्तकात ‘विदारण आणि विस्तृत झीज’ हे दुसरं प्रकरण. ते शिकवून होतं जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे बाहेर खरोखरच दरडी कोसळत असतात तेव्हा. हवामान बदल पाचव्या प्रकरणात येतो. आणि ‘आपत्ती व्यवस्थापन’ नववं, शेवटचं. तिथे पोहोचेपर्यंत फेब्रुवारी उजाडतो, निम्मा वर्ग स्नेहसंमेलनाच्या तालमीत असतो आणि उरलेल्यांना ते ‘स्वतः वाचा’ म्हणून सांगितलं जातं. डोंगर का घसरतो हे एका ठिकाणी, पाऊस का बदलतोय हे दुसऱ्या ठिकाणी आणि घसरल्यावर काय करायचं हे तिसऱ्या ठिकाणी. तिन्हींचा संबंध मुलांनी आपापला लावायचा. प्रत्येक प्रकरण सुटं बघितलं तर नीट लिहिलेलं आहे, म्हणूनच समितीच्या नजरेला हा दोष दिसत नाही.

बारावीच्या पुस्तकातली गंमत तर बघाच. त्याचं शेवटचं, आठवं प्रकरण आहे ‘भूगोल : स्वरूप व व्याप्ती’. दोन वर्षं विषय शिकून झाल्यावर, बोर्डाच्या परीक्षेच्या तोंडावर, आपण मुलांना भूगोल म्हणजे काय ते सांगतो.

आता प्रात्यक्षिकं. बारावीला लेखी परीक्षा 80 गुणांची आणि प्रात्यक्षिक 20 गुणांचं. हे 20 गुण कॉलेजच्या हातातले, त्यामुळे ते सढळ हाताने दिले जातात. अठराच्या खाली सहसा कुणाला उतरवलं जात नाही, कारण शेजारचं कॉलेज उतरवत नाही. क्षेत्रभेटीचा अहवाल हा त्यातला सगळ्यात हसू येणारा भाग. गेल्या वर्षीच्या मुलाची वही या वर्षीच्या मुलाकडे येते. कारखान्याला किंवा धरणाला दिलेली भेट, ‘प्रस्तावना, उद्दिष्टे, निष्कर्ष’ अशा मथळ्यांखाली, तेच निष्कर्ष. एका अहवालात धरणातला पाणीसाठा सलग तीन वर्षं दशांश चिन्हापर्यंत तोच निघालेला मी पाहिला आहे. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. बस ठरवायला पैसे नाहीत, परवानगीची पत्रं लिहायला वेळ नाही आणि अहवाल खरा असो वा उतरवलेला, गुण सारखेच.

क्षेत्रभेटीला बस लागतेच कशाला? कॉलेजपासून चालत जाता येईल असा ओढा, बाजार, टेकडी, बंद पडलेली विहीर प्रत्येक गावाला असते. मराठवाड्यातलं कॉलेज असेल तर आवारातल्या विहिरीत दोर सोडून दर महिन्याला पाण्याची पातळी लिहून ठेवा. जूनपासून फेब्रुवारीपर्यंतच्या नऊ नोंदींचा आलेख काढा आणि शेजारी पावसाचे आकडे लावा. महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग दख्खनच्या बेसॉल्टने व्यापलेला आहे आणि या खडकात पाणी भेगांत आणि कुजलेल्या थरांतच साठतं. म्हणून दिवाळीत काठोकाठ असलेली विहीर होळीला तळ दाखवते. हे पुस्तकातल्या एका परिच्छेदापेक्षा त्या आलेखाने जास्त पक्कं समजतं. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं त्या लातुरात आज भूगोल शिकणाऱ्या मुलांना स्वतःच्या आवारातली पाणीपातळी माहीत नसेल, तर तो अभ्यासक्रम नापास आहे.

बारावीचं पुस्तक मानवी भूगोलाचं. लोकसंख्येवर दोन प्रकरणं आहेत, लोकसंख्या संक्रमणाचा सिद्धांत आहे, स्थलांतराची कारणं आहेत. बीड जिल्ह्यातल्या एखाद्या कनिष्ठ महाविद्यालयाचा वर्ग नजरेसमोर आणा. दिवाळी झाली की बाकं रिकामी होऊ लागतात. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यांच्याबरोबर धाकटी भावंडं सांभाळायला थोरली मुलगी जाते, कधी पश्चिम महाराष्ट्रात, कधी कर्नाटकात. ती परत येते कारखान्याचा पट्टा पडल्यावर, तोवर बोर्डाची परीक्षा दारात असते किंवा होऊन गेलेली असते. परीक्षेला बसलीच, तर तिला प्रश्न येतो ‘स्थलांतराची कारणे स्पष्ट करा’, आणि ती उत्तर लिहिते ते अपेक्षित प्रश्नसंचातून पाठ केलेलं, कारण गुण त्यालाच मिळतात. आपल्या वाडीतून किती कोयते कुठल्या कारखान्याला गेले याचा साधा प्रवाह नकाशा तिने काढला असता, तर वर्गातला सगळ्यात उत्तम नकाशा तिचा असता. तो काढायला सांगणारं प्रात्यक्षिक नव्या पुस्तकात असलं पाहिजे.

त्याच जिल्ह्याचा आणखी एक आकडा. 2011 च्या जनगणनेत बीडमध्ये 0 ते 6 वयोगटात हजार मुलग्यांमागे फक्त 807 मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. त्या वेळी दोन-तीन वर्षांची असलेली मुलं आज अकरावी-बारावीच्या बाकांवर आहेत. ‘लिंग गुणोत्तर’ या शब्दाची व्याख्या ती पाठ करतात. तो आकडा आपल्याच पिढीचा आहे हे त्यांना कुणी सांगत नाही.

इथे एक तातडीचा मुद्दा आहे. पुढची जनगणना 2027 ची, संदर्भ दिनांक 1 मार्च 2027. बारावीचं नवं पुस्तक येणार 2028-29 मध्ये. ते आधीच लिहून ठेवलं, तर महाराष्ट्राची लोकसंख्या 11 कोटी 24 लाख आणि नागरी प्रमाण 45 टक्के, असे 2011 चे आकडे पुढच्या दशकातली मुलं पाठ करत बसतील. म्हणून बदलणारे आकडे पुस्तकाच्या पोटात घालूच नका. दरवर्षी जूनमध्ये निघणारी, सोळा पानांची आकडेवारीची आणि नकाशांची पुरवणी काढा. छापायची नसेल तर संकेतस्थळावर ठेवा. परीक्षेत आकडा आठवायला लावू नका. पुरवणीतलं कोष्टक प्रश्नपत्रिकेतच छापा आणि त्यावरून विचार करायला लावा.

प्रश्नपत्रिकेला हात लावल्याशिवाय यातलं काहीच घडणार नाही, हेही स्पष्ट सांगते. साखळी पूर्ण करा, अचूक गट ओळखा, फरक स्पष्ट करा, टिपा लिहा. यात ‘भौगोलिक कारणे लिहा’ हा प्रश्न मला आवडतो, कारण भूगोलाचा जीव त्यात आहे. पण त्याचीही कारणं ठरलेली असतात, ती मुद्द्यांच्या क्रमानिशी छापून मिळतात आणि वेगळं, पण बरोबर कारण लिहिणारा मुलगा गुण गमावतो. वर्गात शिकवला जातो तो अभ्यासक्रम पुस्तकाचा नसतोच, तो मागच्या पाच प्रश्नपत्रिकांचा असतो. न पाहिलेल्या नकाशाचा तुकडा देऊन ‘या गावासाठी प्राथमिक आरोग्य केंद्र कुठे बांधाल आणि का?’ असा आठ गुणांचा एक प्रश्न बोर्डाने सलग तीन वर्षं विचारावा. महाराष्ट्रभरचे क्लास आपोआप नकाशे शिकवू लागतील.

आणखी एका दुहेरी कामाकडे बघा. सगळ्या शाखांना सक्तीचा असलेला ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ हा विषय आहेच. हवामान बदल, पाणी, साधनसंपत्ती तिथेही शिकवतात. भूगोलाचं मूल तीच गोष्ट दोनदा लिहितं, दोन्हीकडे जर्नल, दोन्हीकडे प्रकल्प, आणि दोन्ही उतरवलेले. 2023 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात अकरावी-बारावीसाठी आंतरविद्याशाखीय विषयांची वेगळी सोय आहे. त्यात शाश्वतता आणि हवामान बदल हाही एक. राज्यात तो स्वतंत्र विषय म्हणून आला, तर भूगोलाकडे काय उरेल, याचा विचार आत्ता नाही करायचा तर कधी? माझं मत विचाराल तर विषय वाढवू नयेत. दोन्हीकडची एक-एक जर्नल रद्द करून वर्षभराची एकच खरी क्षेत्रनोंद ठेवावी आणि तिला दोन्ही विषयांत गुण द्यावेत.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो. राज्याचं पुस्तक एकच, छत्तीस जिल्ह्यांचा स्थानिक भूगोल त्यात कसा मावणार? मावतो, आपण मावून दाखवलेला आहे. तिसरीला महाराष्ट्रात जिल्हावार वेगळी पुस्तकं असतात. आठ वर्षांच्या मुलाला गडचिरोलीत गडचिरोलीचं आणि सिंधुदुर्गात सिंधुदुर्गचं पुस्तक मिळतं. सोळा वर्षांच्या मुलाला जिल्ह्याचा साधा नकाशासंच का मिळू नये? सामग्री तर आधीच तयार आहे. टोपोशीट सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून उतरवून घेता येतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’वर दरडींच्या शक्यतेचे 1:50,000 प्रमाणाचे नकाशे आहेत. इस्रोचं ‘भुवन’ 2009 पासून चालू आहे. नागपुरात राज्याचं स्वतःचं सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आहे. क्यूजीआयएससारखी नकाशाची संगणकप्रणाली फुकट मिळते. हे सगळं एकमेकांना जोडून जिल्हावार वीस-पंचवीस पानांचा संच करणं हे काही फार मोठं काम नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कला शाखेत मुलं कमी, त्यात भूगोल घेणारी आणखी कमी, प्रयोगशाळा नाही, शिक्षक तासिका तत्त्वावर. अशा ठिकाणी नवं काही लादलं तर तेही वहीतच उतरेल. खरं आहे. म्हणून माझी मागणी भर घालण्याची नाही, काढण्याची आहे. दोन वर्षांत एक-दोन प्रकरणं कमी करा, जगभरच्या शेतीप्रकारांच्या लांबलचक याद्या आटोपशीर करा आणि मोकळ्या झालेल्या तासिका बाहेर पडायला द्या. यातलं नेमकं काय कमी करायचं, यावर भूगोलाचे शिक्षक माझ्याशी भांडतील. भांडोत, तेवढ्याने तरी चर्चा सुरू होईल.

आता तुम्ही काय करायचं ते सांगते.

घरात अकरावी-बारावीचं मूल असेल आणि त्याने भूगोल घेतला असेल, तर त्याला आपल्या गावाचं टोपोशीट उतरवून द्या आणि घरामागचा उतार मोजायला सांगा. जमलं तर तसं लिहा, अडलं तर कुठे अडलं ते लिहा. बारावी होऊन दोन-चार वर्षं झालेल्या मुलामुलींनो, तुम्ही सगळ्यात महत्त्वाचे साक्षीदार आहात. त्या पुस्तकातलं आज काय आठवतं, कशाचा उपयोग झाला, काय नुसतं पाठ केलं, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी हीच पुस्तकं पुन्हा काढून वाचणारे हजारो जण आहेत. त्यांनी तर प्रत्येक प्रकरणाच्या समासात शेरे मारलेले असतात. त्या शेऱ्यांचा एक फोटो पाठवला तरी चालेल.

सरपंच आणि ग्रामसेवकांना विनंती, की गावातल्या कनिष्ठ महाविद्यालयाला बोलावून घ्या आणि तुमच्या विहिरींच्या, पिकांच्या, स्थलांतराच्या नोंदी त्यांच्यासमोर ठेवा. अभ्यासक्रमात अशा नोंदींना जागा द्या, असा ग्रामसभेचा दोन ओळींचा ठराव शिक्षण खात्याकडे गेला तर त्याला वजन येतं. निवृत्त भूमापक, भूजल खात्यातले, हवामान खात्यातले, वनखात्यातले लोक प्रत्येक तालुक्यात आहेत. तुम्ही एक प्रकरण घ्या, एकच, आणि त्यात शास्त्राच्या दृष्टीने काय जुनं झालंय ते दाखवा.

भूगोलाच्या सहकाऱ्यांना स्वतंत्र सांगणं आहे. 14 जानेवारीला आपण प्रा. चं. धुं. देशपांडे यांच्या स्मरणार्थ भूगोल दिन साजरा करतो. पृथ्वीगोलाची रांगोळी, एक व्याख्यान, तिळगूळ. यंदा रांगोळी राहू द्या. त्या दिवशी मुलांना चालू पुस्तक हातात देऊन वर्गातच त्याची चिकित्सा करायला लावा. कुठलं प्रकरण कळलं नाही, कुठला नकाशा वाचता आला नाही, कुठलं उदाहरण आपल्या भागातलं हवं होतं. मुलांची पानं जशीच्या तशी पाठवा, भाषा सुधारू नका.

आणि कृपा करून मसुदा प्रसिद्ध होण्याची वाट बघत बसू नका. 2024 मध्ये शालेय अभ्यासक्रमाच्या राज्य आराखड्याचा मसुदा मे महिन्याच्या शेवटी, ऐन सुट्टीत लोकांपुढे आला आणि हरकती नोंदवायला मोजके दिवस मिळाले. शिक्षक गावी होते, मुलं सुट्टीवर होती, आराखडा शेकडो पानांचा होता. पुन्हा तसंच झालं, तर तुमची सूचना तयार असली पाहिजे, म्हणजे त्या वेळी फक्त पाठवणं उरेल.

पत्र मोठं नको, एक पान पुरे. वरच्या बाजूला इयत्ता, प्रकरणाचं नाव आणि पान क्रमांक लिहा. खाली काय अडलं ते आणि त्याऐवजी काय हवं ते लिहा. ‘अभ्यासक्रम निकृष्ट आहे’ अशा मोघम वाक्यांना फाइलीत जागा मिळते, पुस्तकात मिळत नाही. एक पत्र राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या संचालकांना पाठवा, पत्ता कुमठेकर रस्ता, सदाशिव पेठ, पुणे. दुसरं बालभारतीच्या संचालकांना, सेनापती बापट मार्ग, पुणे. टपालाने पाठवत असाल तर स्पीड पोस्टने पाठवा, हाताने देत असाल तर पोच घ्या आणि एक प्रत आपल्या गावच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या भूगोल विभागाला द्या. या महिन्यात लिहा. समिती बसल्यावर आलेल्या पत्राला उत्तर मिळतं, समिती बसण्याआधी आलेल्या पत्राचा विचार होतो.